रायफलीतलं वजन

ऑक्टोबरात अक्रोडासारख्या पेकानच्या झाडांखाली रानडुकराने एर्विन कुबेनाची मांडी गुडघ्यापासून वर फाडत नेली, त्या दिवसापासून त्याची रायफल मागच्या खोलीतल्या कपाटात उभी होती. रोझलीचा भाऊ लॅम्बर्ट याने ती चिखलातून उचलून आणली होती, काडतुसांचं मॅगझिन काढून घेतलं होतं, पुसली न पुसली आणि तिथे ठेवून दिली होती. नंतर त्या कपाटाचं दार कुणी उघडलं नाही. घरातला झाडू आतच अडकला होता. रोझलीने सरळ नवा झाडू आणला.

एर्विन वाचला तो स्पेकमुळे. तो ठिपक्यांचा म्हातारा कुत्रा डुकराच्या कानाला लोंबकळला, म्हणून एर्विनला सरपटत कुंपणाखालून पलीकडे जाता आलं. कुत्रा मात्र परत आला नाही. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर एर्विन एवढंच म्हणाला होता, "पहिली गोळी सुटली. दुसऱ्यांदा नुसतं खट् झालं." त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही आणि रोझलीने विचारला नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात दोघांनी न बोलता बरंच निभावून नेलं होतं, तसंच हेही निभेल असं तिला वाटलं.

पण फेब्रुवारीत गाई व्यायला लागल्या आणि डुक्कर परत आलं.

तेच ते, हे कशावरून? रोझलीला त्याच्या पावलांवरून कळलं. पुढच्या उजव्या खुराचा एक भाग तुटका होता, आणि तोच तुटका ठसा तिने पेकानखाली एर्विनच्या रक्ताशेजारी पाहिला होता. आता तो ओढ्याकाठच्या कुरणात, जिथे गाय आदल्या रात्री व्यायली होती तिथे उमटला होता. वासराचं फारसं काही उरलं नव्हतं. चार खूर, थोडं कातडं आणि त्या सगळ्याभोवती गाय गोल गोल फिरत हंबरत होती. तिची कास दुधाने तटतटली होती.

रोझली घरी आली आणि सिंकमध्ये हात धूत राहिली. एर्विन टेबलाशी एकट्यानेच पत्ते लावत बसला होता. वर न बघता त्याने विचारलं, "मेलेलंच जन्मलं का?"

"नाही," ती म्हणाली.

त्याच्या हातातलं पान हातातच राहिलं.

सापळा लावून झाला होता. लॅम्बर्टने लोखंडी जाळीचा मोठा गोल पिंजरा आणून मका टाकला, तर माद्या आणि पिल्लं अडकली. हा नर मात्र जाळीबाहेर बसून त्यांची मजा बघत असावा, तसे ठसे बाहेरच्या बाहेर. टेक्सासात डुकरांना ना हंगाम ना बंदी, ज्याला दिसेल त्याने मारावं. पण दिसायला तर हवं. आणि दिसल्यावर मारायला कुणीतरी तिथे उभं राहायला हवं.

लॅम्बर्ट राहायचा काउंटी रोडच्या पलीकडे, त्याच्याही गाई व्यायला आलेल्या. एर्विन काठी घेऊन व्हरांड्यापर्यंत जायचा. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरायच्या म्हटलं की त्याला काहीतरी आठवायचं आणि तो आत वळायचा. राहिली रोझली. तिला बंदूक नवी नव्हती. बापाबरोबर लहानपणापासून हरणं मारलेली बाई ती. पण बापाच्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर नळी बंद करणारा दट्ट्या, बोल्ट, हाताने मागेपुढे ओढावा लागे, आणि तिचं उजवं मनगट दोन वर्षांपूर्वी एका गाईने गुरं अडकवायच्या खोड्याच्या लोखंडी दाराशी चेंगरलं होतं. ते वाकडंच जुळलं. बोल्ट ओढायला तिला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात डुक्कर येऊन भेटून गेलं असतं. म्हणजे एर्विनचीच रायफल. दुसरी गोळी आपोआप भरणारी. त्या दिवशी जिने ती भरली नव्हती.

तिने कपाट उघडलं, तेव्हा वाळलेल्या चिखलाचा वास आला.

ही रायफल एर्विनने स्वतः सुटे भाग जमवून जोडली होती आणि कोण कौतुक त्याला तिचं. खालचा भाग एकच, म्हणजे चाप, मूठ आणि खांद्याला टेकवायचा दस्ता. त्यावर बसवायचे वरचे भाग दोन. एकाची नळी बारीक, वेगवान गोळीची, कोल्ह्याकुत्र्यांसाठी. दुसऱ्याची जाड, संथ आणि वजनदार गोळीची, डुकरांसाठी. दोन खिळ्या ढकलायच्या, एक भाग काढायचा, दुसरा ठेवायचा. "एका घोड्याला दोन खोगिरं," असं तो पत्त्यांच्या अड्ड्यावर ज्याला त्याला सांगायचा.

अडचण होती ती दस्त्याच्या आत. तिथे पोकळ नळीत एक लांब स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या तोंडाशी बोटाएवढा वजनदार तुकडा, बफर. गोळी सुटली की बोल्ट मागे येतो, या तुकड्याला ढकलतो, स्प्रिंग दबते. मग स्प्रिंग सगळ्याला पुढे रेटते आणि जाता जाता नवं काडतूस नळीत जातं. तुकडा फार जड असला, तर बोल्ट अर्ध्यातूनच परत फिरतो आणि रिकाम्या नळीवर बंद होतो. फार हलका असला, तर बोल्ट इतका पिसाटतो, की काडतूस उचलायच्या आधीच त्याच्यावरून निघून जातो. बारीक नळीला जड तुकडा मानवायचा, जाड नळीला हलका. एर्विनकडे तीन तुकडे होते, कॉफीच्या डब्यात ठेवलेले. एकावर काही खूण नाही, तो हलका. एकावर एच कोरलेला, तो मधला. तिसरा सगळ्यात जड, त्यावर एचपुढे दोनचा आकडा.

डब्यात आत्ता दोनच होते. हलका आणि मधला.

रोझलीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरला, नळी रिकामी आहे ना ते दोनदा बघितलं, खिळ्या ढकलल्या आणि रायफल उघडली. दस्त्यातला तुकडा टक्कन तिच्या तळहातावर आला. तिने तो खिडकीकडे धरला. एच आणि दोन.

वर जाड नळी बसवलेली होती.

त्या दिवशी सकाळी एर्विन कोल्ह्यांच्या मागे गेला असणार बारीक नळी घेऊन. मग लगबगीने वरचा भाग बदलला असणार, आणि दस्त्यातला तुकडा तसाच राहिला. एवढंच.  म्हणजे रायफल बिघडलेली नव्हती, काडतूस खराब नव्हतं. माणूस एक छोटीशी गोष्ट विसरला होता, आणि तीच उद्या ती स्वतःही विसरू शकत होती. रायफल बिघडलेली निघाली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. बिघडलेली वस्तू टाकून तरी देता येते.

एर्विनला तिने सांगितलं नाही.

शनिवारी तिने बोलावल्यावरून लॅम्बर्ट आला. पोट पुढे, टोपी मागे, हातात खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाचेंचा खोका. "कुठाय पेशंट?" त्याने विचारलं.

"व्हरांड्यात बसलाय."

"तो नव्हे गं, तुझी बंदूक!"

कोरड्या पडलेल्या तळ्याच्या मातीच्या बांधासमोर त्यांनी गवताचा जुना गठ्ठा ठेवला आणि त्यावर कागद लावला. लॅम्बर्टने फडकं आणि तेल काढलं, तसा रोझलीने त्याचा हात धरला.

"पुसू नकोस. त्या दिवशी होती तशी आधी चालवायची."

"अगं रोझी, बंदूक आहे ती, बाळंतीण आहे का? एवढं काय जपायचं?"

"जपत नाहीये. मला बघायचंय ती काय करते ते."

तिने नळीतून आभाळाचा उजेड आरपार दिसतो ना ते पाहिलं, कानांवर आवाज अडवणारे गुब्बे चढवले आणि मॅगझिनमध्ये दोन काडतुसं भरली. आत जडच तुकडा होता, वर जाड नळी. तिने दस्ता खांद्याला लावला आणि चाप दाबला.

ठो.

परत चाप दाबला. खट्.

कानांवर गुब्बे असूनही तो आवाज तिला हाडांतून ऐकू आला. गाडीचं दार लोटावं तसा साधा, कोरडा आवाज. आपल्या नवऱ्याने ऐकलेला तो हाच, असं मनात आलं आणि तिने रायफल खाली केली. समोर फक्त गवताचा गठ्ठा होता, तरी तिची नजर बांधाच्या कडेच्या झुडपात गेली.

"बस जरा," लॅम्बर्ट म्हणाला. त्याने तिच्या हातातून रायफल घेतली, मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढून बघितला. "रिकामी नळी. बोल्ट पुरता मागे गेलाच नाही. जड झालं त्याला." मग त्याच्या लक्षात आलं. त्याने टोपी काढून परत घातली. "हाच होता का आत? तेव्हापासून?"

तिने मान डोलावली.

"एर्विनला ठाऊक आहे?"

"नाही. आणि तू बोलणार नाहीस."

पण बोलायची गरजच पडली नाही. व्हरांड्यात बसलेला एर्विन ऐकत होता. एक आवाज, मग शांतता. त्या शांततेचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळणार? रोझली पाणी आणायला घरात आली, तेव्हा व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती आणि न्हाणीघरातला नळ धो धो वाहत होता. तिने दारावर टकटक केलं.  दार उघडं होतं. तो टबच्या कडेवर बसला होता, काठी जमिनीवर पडलेली, दोन्ही हात जखमी मांडीवर घट्ट दाबलेले, जणू अजून रक्त थांबवायचंय.

"कुठला होता आत?" त्याने विचारलं.

"जड."

 "वाटलंच होतं," तो म्हणाला. "पण नक्की नव्हतं. नक्की नव्हतं तोपर्यंत बरं होतं."

तिने नळ बंद केला आणि त्याच्या शेजारी टबच्या कडेवर बसली. बाहेर लॅम्बर्ट हाका मारत होता. मारू दिल्या तिने.

दुपारभर बहीणभावाने मिळून रायफल चालवली. हलका तुकडा आणि जाड नळी, दोन दोन गोळ्या: ठो-ठो, ठो-ठो. चिखलाने माखलेली असताना, पुसल्यावर, खांद्याला घट्ट दाबून, सैल धरून. एकदाही अडली नाही. बारीक नळीला मात्र हलका तुकडा सोसला नाही. रायफल गाढवासारखी लाथाडत होती, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुढे कुठेतरी भिरकावत होती आणि एकदा बोल्ट काडतुसावरून निघून गेला. मग मधला. मधल्यावर बारीक नळी लोण्यासारखी चालली. जाड नळीही चालली. लॅम्बर्ट खूश झाला.

"हा घे तुझा जावई! दोन्हीकडे चालतो. एकदा आत टाक आणि विसरून जा. बदलायची कटकटच नाही, मग चुकायचं कशाला कुणी?"

बोलणं पटण्यासारखं होतं. रोझलीला तेच हवं होतं, कायमचं विसरून जाता येईल असं काहीतरी. "अजून चालव," ती म्हणाली.

काडतुसांचा खोका संपत आला, तेव्हा लॅम्बर्टच्या हातात मधल्या तुकड्यावर जाड नळी अडली. ठो, आणि मग काही नाही.

"मी सैल धरली होती," लॅम्बर्ट लगेच म्हणाला. "एवढ्या गोळ्यांत एकदा, रोझी! एकदाच!"

"एर्विनलाही एकदाच," ती म्हणाली.

 लॅम्बर्टने पुंगळ्या गोळा करायला सुरुवात केली.

तिने हलका तुकडा उचलून दस्त्यात बसवला, वर जाड नळी लावली आणि खिळ्या अंगठ्याने आत दाबल्या. मग बारीक नळीचा भाग आणि उरलेले दोन तुकडे फडक्यात गुंडाळून लॅम्बर्टच्या हातात दिले. "हे तुझ्या घरी ने. माझ्या घरात नकोत."

"वेडी आहेस का? अगं, दोन खोगिरांसाठीच तर त्याने हा घोडा बांधलाय. कोल्हे आले तर?"

"कोल्हे आले तर भांडी वाजवेन. चुकायला जागाच राहता कामा नये, लॅम्बर्ट. मला घाई असेल, भीती वाटत असेल, तेव्हा माझ्या डोक्यावर माझा विश्वास नाही."

"एर्विनला विचारलंस?"

व्हरांड्याच्या कठड्याला टेकून एर्विन उभा होता. कधी आला कळलं नव्हतं. "ने रे ते," तो तिथूनच ओरडला. "ती म्हणते ना!"

त्यानंतरचे दिवस धुक्याचे आले. समुद्रावरून ओल यायची आणि सकाळी कुरणावर अशी बसायची, की दारातून कोठार दिसू नये. रोझलीला झोप लागेना. डोळे मिटले की तिला तो कोरडा आवाज यायचा. दिवसातून कितीदा तरी ती कपाटाशी जाऊन रायफल उघडायची आणि तुकड्यावर खूण नाही ना ते बघायची. नाही. हलकाच आहे. दार लावायची, स्वयंपाकघरापर्यंत यायची आणि परत जायची.

"झिजवशील तिला," एर्विन एकदा म्हणाला.

"झिजू दे."

मग त्या मंगळवारी, उजाडून थोडा वेळ झाला असेल, ओढ्याकडून गाईचा आवाज आला. विताना कण्हतात तसा नव्हता तो. रोझलीने ओळखला, त्यांची तांबडी पहिलारू गाय, काल संध्याकाळपासून कळपातून वेगळी झालेली. लॅम्बर्टला फोन लावला, तर घंटा वाजत राहिली. तिने कोट अंगात चढवला, कपाटातून रायफल घेतली. एर्विन दारात उभा. पिकअपची किल्ली त्याच्या हातात.

"तू नको," ती म्हणाली.

"गाडी मी चालवतो. खाली उतरत नाही. उतरवतच नाही मला, तुला माहितीये." त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. पण पायऱ्या तो उतरला, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक.

पिकअपचे दिवे लावले तर धुकंच पांढरं होऊन अंगावर आलं. त्याने ते बंद केले. कुरणाच्या उतारावरून गाडी हळूहळू सरकत होती. खिडक्या उघड्या होत्या. आधी वास आला, कुजलेला चिखल आणि मूत एकत्र व्हावं तसा, आणि एर्विनचा श्वास मोठा झाला. मग तो आवाज: कुणीतरी दोन दगड एकमेकांवर घासून आपटावेत तसा. डुक्कर दात वाजवत होतं.

"थांब," ती कुजबुजली.

ती उतरली, बॉनेटला वळसा घालून पुढे आली आणि कोपर बॉनेटवर टेकवलं. वेळूच्या बेटाच्या अलीकडे तांबडी गाय आडवी पडलेली दिसली, वासरू अर्धं बाहेर आलेलं. आणि गाईच्या मागे काहीतरी काळं होतं, बुंध्यासारखं. मग तो बुंधा हलला. रोझलीला वाटलं होतं डुक्कर मोठं असेल. एवढं असेल असं वाटलं नव्हतं. गाय मान उचलून शिंगं नसलेलं डोकं त्याच्याकडे फेकत होती, आणि ते दोन पावलं मागे सरकून परत पुढे येत होतं. घाई नव्हती त्याला.

गोळी गाईला लागेल म्हणून ती थांबली. थांबणं हे सगळ्यात वाईट होतं. बॉनेटच्या गरम पत्र्यावर तिने कोपर घट्ट रोवलं. डुक्कर एका बाजूला सरकलं. गाईपासून सुटं झालं. तिने खांद्यामागे नेम धरला आणि चाप दाबला.

ते किंचाळलं आणि जागच्या जागी गिरकी घेऊन त्याने तोंड तिच्याकडे केलं. त्याच क्षणी चाप परत दाबायचा होता. तिला ते माहीत होतं, शेकडो वेळा तिने ते मनात केलं होतं. आणि तिने काय केलं? तिने मान खाली घातली आणि बोल्टकडे बघितलं. बंद झालाय का? काडतूस गेलंय का आत? ज्या रायफलीला तिने दिवसदिवस तपासलं होतं, तिच्यावर त्या घटकेला तिचा विश्वास बसेना.

"बघू नकोस! मार!" एर्विन ओरडला आणि त्याने हॉर्नवर हात दाबून धरला.

तिने मान वर केली. समोर गाय होती, धुकं होतं. डुक्कर नव्हतं.

हॉर्न थांबला. इतकी शांतता झाली, की गाईचा श्वास ऐकू येत होता. रोझलीने पाठ गाडीला टेकवली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दोन्हीकडे दहा हातांवर पांढरी भिंत. गवत कुठेतरी सळसळलं, पण कुठे? धुक्यात आवाजाला दिशा राहत नाही.

"रोझी," एर्विन खिडकीतून अगदी हळू म्हणाला. "आत ये."

"माझं दार तुझ्या पलीकडच्या बाजूला आहे. मला फिरून यावं लागेल."

"मग फिरू नकोस. माझ्या खिडकीशी ये."

ती पाठ पत्र्याला घासत त्याच्या बाजूला सरकली. त्याने खिडकीतून हात काढून तिच्या कोटाची कॉलर मुठीत धरली. घामाने ओला होता तो हात. दोघं तसे राहिले. मग दातांचा आवाज परत आला, आणि तो पुढून नव्हता, गाडीच्या मागून होता.

ते मागच्या चाकाशेजारून आलं. धावत आलं असं नाही म्हणता येणार, सुटलंच ते. त्याच्या खांद्याची धडक पत्र्याला बसली, गाडी हलली, एर्विनच्या मुठीतून तिची कॉलर सुटली. तिने या वेळी बोल्टकडे बघितलं नाही. नेमही धरला नाही. नेम धरण्याएवढं अंतरच नव्हतं. चाप दाबला, परत दाबला, परत. रायफल प्रत्येक वेळी बोलली. किती वेळा, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. डुक्कर गुडघ्यांवर आलं, तरी पुढे सरकत राहिलं, आणि त्याचं नाक तिच्या बुटाला टेकलं, तेव्हा कुठे थांबलं.

ती ओरडत होती. आपण ओरडतोय हे तिला एर्विनने दार उघडून तिला धरल्यावर समजलं. तो उतरला होता. काठी गाडीतच राहिली होती आणि तो एका पायावर, अर्धा तिच्यावर, अर्धा दारावर तोललेला उभा होता.

"बोट काढ," तो तिच्या कानात सांगत होता. "चापावरून बोट काढ, रोझी. मेलंय ते. बोट काढ."

तिचं बोट वळेना. त्याने आपल्या हाताने ते सोडवलं, लहान मुलाची मूठ उघडावी तसं, आणि रायफल घेऊन मॅगझिन काढलं, बोल्ट ओढला. नळीत भरलेलं काडतूस उडून गवतात पडलं. त्याने त्याच्याकडे बघितलं.

गाय मात्र एकटीच झुंजत होती. वासराचे खांदे अडकले होते. दोघं तिच्याकडे गेले, म्हणजे रोझली चालली आणि एर्विन तिच्या खांद्याला धरून लंगडत राहिला, दर पावलाला वेळूच्या बेटाकडे बघत. तीही बघत होती. वेळूत आणखी काही आहे की नाही, ते त्या दोघांना ठाऊक नव्हतं. तिने वासराचे पुढचे पाय धरले, वाकड्या मनगटाने ओढता येईना, तेव्हा एर्विन चिखलात बसला आणि त्याने आपले हात तिच्या हातांवर ठेवले. गाईने कळ दिली की ओढायचं, थांबली की थांबायचं. तांबडीने शेवटी एक लांब आवाज काढला आणि वासरू त्यांच्या मांडीवर घसरत आलं. कालवड होती. एर्विनने तिच्या नाकातला चिकटा बोटाने काढला, गवताच्या काडीने नाकपुडीत डिवचलं, तशी ती शिंकली.

लॅम्बर्ट आला तो अंगात अर्धाच शर्ट घालून. हॉर्न आणि गोळ्या त्याने कोठारातून ऐकल्या होत्या. चिखलात बसलेले दोघं, डुक्कर, मागचा चेपलेला पत्रा, सगळं त्याने आळीपाळीने पाहिलं.  मग येऊन बहिणीशेजारी उकिडवा बसला.

त्या डुकराच्या कातड्याखाली, खांद्यावर, बोटभर जाडीचा कूर्चेचा, चिवट हाडासारखा थर निघाला. रोझलीची पहिली गोळी त्यातच अडकली होती. खूर तुटकाच होता.

घरी आल्यावर एर्विनला ताप भरला आणि जखमेच्या कडेला रक्त आलं. पंधरा दिवस त्याला परत अंथरुणात काढावे लागले. बरा झाल्यावर तो कुरणात जायला लागला, पण गाडीतूनच, आणि धुकं असलं की तेही नाही. पुढल्या वर्षीपासून त्यांनी ओढ्याकाठी गाई व्यायला सोडणं बंद केलं. घराशेजारच्या आवारात दाट जाळीचं कुंपण घातलं. ओढ्याचं कुरण नुसतं गवतासाठी राहिलं. डुकरं अजून येतात तिथे. एक गेलं म्हणून काही ती संपत नाहीत.

रोझलीचं विचाराल तर ती धीट झाली वगैरे काही नाही. वेळूच्या बाजूला ती एकटी जात नाही, आणि जाते तेव्हा सारखी मागे वळून बघते. ती कालवड आता चांगली गाय झाली आहे. तिला माणसांची भीती नाही; व्हरांड्यापर्यंत येते आणि एर्विनच्या टोपीला जीभ लावते. तो तिला हाकलतो, ती जात नाही, आणि आत भांडी घासता घासता रोझलीला त्याची बडबड ऐकू येत राहते.